तिठ्यावरची हाक

महाडात सयाजी मुकादमाची हाक प्रसिद्ध होती. पहाटे बाजारपेठेच्या एका टोकाला उभा राहून तो "कोन रे तो, उष्ट्या पत्रावळी टाकतोय?" असं गरजला, की दुसऱ्या टोकाचा सज्जन माणूससुद्धा दचकून आपल्या हातांकडे बघायचा. ही हाक त्याने नोकरीत कमावलेली नव्हती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्याचं गाव. तिथे समोरच्या डोंगरावरच्या माणसाला बोलवायचं तर हाक पोटातून घालावी लागते. आणि लेकुरवाळ्या बाईला नावाने हाक मारायची तिथे रीत नाही. अमक्याची आय, तमक्याची आय, असंच बोलवायचं. सयाजी शहरात आला, अंगावर खाकी कोट आला, छातीवर पितळी बिल्ला आला. पण हाक आणि हाक मारायची रीत दोन्ही डोंगरातलीच राहिली. हे आताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे वाटोळं झालं ते त्या हाकेनेच झालं.

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तो मुकादम होता. झाडूवाल्यांची हजेरी घ्यायची, कचऱ्याची बैलगाडी वेळेवर हलवायची, गटारांत पावडर मारून घ्यायची आणि सगळ्या गावाच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. झाडलेल्या रस्त्यावर गाव घटकाभरात पुन्हा घाण करी आणि वर विचारी, मुकादम करतो काय? खानावळवाले खरकटं गटारात लोटत. भुसारी व्यापारी आपलं दुकान झाडून कोंडा रस्त्यावर ढकलत. माडीवरच्या बायका खाली कोण चाललंय हे न बघता सूप रिकामं करत. दंड होता, नव्हता असं नाही. पण तो इतका किरकोळ, की एका भुसाऱ्याने सगळ्या पेठेदेखत सांगितलं होतं, "मुकादम, माझा वर्षाचा दंड आत्ताच घेऊन टाका, म्हणजे रोज तोंड वाजवायला नको." सगळे हसले होते. सयाजीला त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

पण त्याचं खरं दुखणं कोंड्याचं आणि पत्रावळींचं नव्हतंच. खालच्या आळीच्या शेवटी तीन रस्ते एकत्र येत. तिथे झाडाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा होता. त्या जागेला तिठा म्हणत. घरात कोणाचा आजार हटेना झाला, की त्या माणसावरून दहीभात, लिंबू, नारळ ओवाळायचा आणि तिन्हीसांजेला तो उतारा तिठ्यावर आणून ठेवायचा. ठेवणाऱ्याने वाटेत कोणाशी बोलायचं नाही. परतताना मागे वळून बघायचं नाही. पाय धुतल्याशिवाय घरात शिरायचं नाही. एवढं पाळलं म्हणजे घरातली पीडा त्या भाताबरोबर तिठ्यावर राहते, आणि मग जो तो उतारा उचलेल त्याला ती लागते. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सकाळी तो उचलायला कोण येतं, हेही गावाला ठाऊक होतं.

येत असे चांगू झाडूवाला आणि त्याची बायको. गावाने त्यांना वेशीबाहेर राहायला जागा दिली होती आणि स्वतःची इडापिडा मात्र बरोबर त्यांच्या हातांवर आणून ठेवली होती. एका साली त्यांनी अमावास्येचे उतारे उचलले आणि पुढच्या आठवड्यात त्यांची धाकटी पोर गेली. कशाने गेली, हे विचारायला कोणी गेलं नाही. चांगूच्या बायकोने खराटा सयाजीच्या पायाशी टाकला.

"मुकादम, गावाची घान उचलंन," ती म्हणाली. "गावाचं मरन नाय उचलायची."

सयाजी आधी सवयीने ओरडला. मग स्वतः वाकला आणि त्या दिवशीचा उतारा त्याने आपल्या हाताने पाटीत भरला. तेव्हापासून तिठ्यावरचे उतारे तोच उचलू लागला. त्याचा या गोष्टींवर विश्वास नव्हता असं कोणी समजू नये. डोंगरातला माणूस तो. नारळ उचलताना तो तोंडाने देवाचं नाव घेई. घरी त्याची बायको बनुबाई तांब्या घेऊन दारात उभी असायची, पाय धुवून झाल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. "एक दिस घरात घेऊन याल हे सगळं," ती म्हणायची आणि आत ठमाकडे बघायची. ठमा ही त्यांची एकुलती एक लेक. भीती सयाजीलाही होती, पण चांगूच्या बायकोचं तोंड त्याला विसरता येत नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीची एक-दोन वर्षं. त्या पावसाळ्यात गावात मुदतीचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत टायफॉइड, आला आणि तरणीताठी माणसं घेऊन गेला. त्याच सुमाराला पुण्याकडून रघुवीर नावाचे नवे सॅनिटरी इन्स्पेक्टर आले. माणूस तरुण, हुशार आणि कळकळीचा होता. आल्या आल्या त्यांनी गटारं पाहिली, खानावळींची मागची दारं पाहिली आणि नगरपालिकेच्या बैठकीत सरळ सांगितलं की हा ताप वरून पडलेला नाही, आपणच रस्त्यावर टाकून वाढवलेला आहे. कचरा टाकणाऱ्याला जरब बसेल असा नियम करा. यात चूक काय होतं? काहीच नव्हतं. ही गोष्ट दुष्ट माणसांची असती तर सांगायला सोपी गेली असती.

बैठकीच्या दाराशी सयाजीला उभं केलं होतं. इन्स्पेक्टरसाहेब वळून म्हणाले, "मुकादम, तुम्ही रोज रस्त्यावर असता. तुम्हीच सांगा, दंड वाढवून भागेल?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी मत विचारलं होतं. समोरच तो भुसारी सभासदांच्या ओळखीने येऊन बसला होता.

"दंडाला कोन भितोय, सायेब?" सयाजी म्हणाला. "पैसं फेकतात नि पुन्ना टाकतात. कोर्टात उभं करा. दिसभर आत बसवा. चार लोकांनी बगितलं म्हंजे लाज वाटंल."

साहेबांनी मान हलवली. सयाजीला चेव आला. "आनि उतारं बी त्याच्यात घाला," तो म्हणाला.

साहेबांना उतारा माहीत होता, पण तो या कलमात येईल असं त्यांच्या डोक्यात नव्हतं. एक म्हातारे सभासद कुरकुरले की हा लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. साहेब शांतपणे म्हणाले, "शिजवलेलं अन्न रात्रभर उघड्यावर पडतं आणि त्यावर माशा बसतात. एवढं मला पुरेसं आहे." नियम झाला. पहिल्या वेळी जबर दंड, दुसऱ्या वेळी कोर्ट आणि कैद. गावात दवंडी फिरली तेव्हा सयाजी दवंडीवाल्याबरोबर स्वतः फिरला, आणि ढोलाच्या वर त्याचाच आवाज ऐकू येत होता. संध्याकाळी तो मुद्दाम चांगूच्या दारावरून गेला. "आता तुमाला नाय उचलावा लागनार," तो म्हणाला, "नि मलाबी नाय." त्या दिवशी तो फार सुखात होता.

नियम कोणावर चालतो हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. भुसाऱ्याने कोंडा ढकलायचा हमाल बदलला. आता एक नवखा पोटार्थी गडी तो ढकलायचा, आणि पकडला गेला तर तोच गडी जायचा. शेठ गादीवर, गडी कोर्टात. सयाजीच्या डोळ्यांत हे सलत होतं, पण त्याने ते गिळलं. निदान तिठा तरी साफ राहील, असं त्याने मनाला सांगितलं.

तिठ्याला लागून शेवटचं घर साळूबाईचं. ही बाई सयाजीच्याच खोऱ्यातली, शेजारच्या वाडीची लेक. नवरा लवकर वारला. पानं आणून पत्रावळी लावायची आणि खानावळींना घालायची, यावर तिने एकुलता मुलगा वाढवला. भागोजी त्याचं नाव. आता तो भातगिरणीत पोती उचलायचा. त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं, पाचाडकडची मुलगी बघून ठेवली होती. सयाजी पहाटे तिठ्यावर आला की खराट्याच्या आवाजावर त्याची एक हाक ठरलेली असायची, "भागोजीच्या आये, चा टाक गो!" आणि आतून उत्तर ठरलेलं असायचं, "टाकलाय रे दादा, गाव उठवू नको." गुळाचा कोरा चहा पिताना दोघं आपल्या खोऱ्यातल्या बोलीत बोलत. महाडात त्याला दादा म्हणणारं ते एकच माणूस होतं.

पाऊस ओसरता ओसरता भागोजीला ताप आला. डॉक्टरांचं औषध चालू होतं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. गिरणीतली पोती उचलणारा गडी अंथरुणात खंगून गेला. साळूबाईने एका मंगळवारी उतारा टाकला आणि नगरपालिकेच्या शिपायाच्या हाती सापडली. पहिलीच वेळ म्हणून दंडावर भागलं. ते कळल्यावर सयाजी तिच्याकडे गेला आणि दारातूनच बोलला.

"पुन्ना टाकू नको गो. पुढल्या खेपंला आत बसवतील."

साळूबाई भागोजीच्या कपाळावरची घडी बदलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"दादा, तू तुजं काम कर," ती म्हणाली. "मी माजं करते."

त्याने तेव्हाच साहेबांकडे जाऊन रदबदली करायला हवी होती. निदान तिला सांगायला हवं होतं की नदीपल्याड हद्दीबाहेर टाक. पण नियम त्यानेच मागितलेला. पहिल्याच महिन्यात आपल्याच खोऱ्यातल्या बाईसाठी तोंड वेंगाडलं तर भुसारी काय म्हणेल, याची त्याला जास्त धास्ती वाटली. माणूस असाच असतो. ज्याच्यापुढे ताठ उभं राहायचं ठरवतो, त्याच्याच धाकाने नको तिथे ताठ राहतो.

सर्वपित्री अमावास्या आली. उतारे पडणार म्हणून इन्स्पेक्टरसाहेब सांजेला स्वतः फेरीला निघाले. बरोबर सयाजी. दिवे लागत होते. ते खालच्या आळीच्या वळणावर आले आणि समोर तिठ्यावर एक बाई वाकलेली दिसली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. तिने पत्रावळ म्हसोबासमोर ठेवली, हात जोडले आणि ती पाठ फिरवून चालू लागली. चालण्यावरूनच सयाजीने ओळखलं.

"ओ बाई!" साहेबांनी हाक मारली. ती थांबली नाही.

"बाई, थांबा! तुम्हालाच सांगतोय." तिची पावलं तशीच, ना जलद ना सावकाश.

"बघा, सरळ निघून चाललीय," साहेब चिडून म्हणाले. त्यांना तो उर्मटपणा वाटला. ती का थांबत नाही हे तिथे फक्त सयाजीला ठाऊक होतं. "मुकादम, थांबवा तिला. तुमचा आवाज आहे म्हणतात ना?"

साहेब, मी वळखतो तिला, उद्या हजर करतो, असं एक वाक्य बोलला असता तर सगळं निभावलं असतं. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं, असं तो पुढे बनुबाईला रडत सांगायचा. पण साहेबांनी सांगितलं आणि अंगावरच्या बिल्ल्याने ते ऐकलं. पोटातून हाक उठली आणि रोज पहाटेची तीच हाक तोंडातून बाहेर पडली.

"भागोजीच्या आये, थांब गो!"

ती उंबऱ्यापासून चार हातांवर होती. कोणीही ओ बाई म्हणो, मुकादम म्हणो, पोलीस म्हणो, ती वळली नसती. पण ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याचंच नाव पाठीमागून आलं. भागोजीला काही झालं की काय, या एका धसक्याने ती गरकन वळली.

वळली, आणि सयाजीला बघून तिच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. ती तिथेच रस्त्यावर बसली. तिच्या नजरेपुढे तो उतारा तिठ्यावर पडला होता. आता तो असून नसून सारखा होता. साहेब वहीत लिहीत होते. सयाजी त्यांच्या मागे उभा होता आणि त्याला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटत होती.

दुसरी वेळ म्हणून कोर्ट टळलं नाही. मॅजिस्ट्रेट म्हातारे, दयाळू होते. कायद्यात बसेल तेवढी कमीत कमी शिक्षा त्यांनी दिली: कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे कचेरीच्या व्हरांड्यात एका कोपऱ्यात बसून राहायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. गावात हसले लोक, एवढीच का शिक्षा म्हणून. साळूबाई भिंतीला टेकून बसली. येणारेजाणारे बघत होते. चार लोकांनी बघावं, हे सयाजीनेच सुचवलेलं होतं. तो साक्षीदार म्हणून समोरच्या बाकावर होता. दुपारी त्याने तिच्यासाठी पाणी नेलं. तिने घेतलं नाही.

"भागोजीजवळ कोन हाय गो?" त्याने विचारलं.

"शेजारीन हाय," ती भिंतीकडे बघून म्हणाली. त्याच्याशी ती बोलली ते पुढे वर्षभरातलं शेवटचं.

त्या दिवशी भागोजी शुद्धीवर आला होता. आजारात असा एक दिवस येतो. डोळे उघडून तो आयला हाका मारत होता. शेजारीण सांगत होती, येईल रे, बाजारात गेलीय. घटकाभराने तो पुन्हा हाक मारायचा. कोर्ट उठलं आणि साळूबाई धावत घरी आली, तोवर त्याची शुद्ध पुन्हा हरपली होती. ती त्याच्या कानाशी लागून सांगत राहिली, मी आले रे, मी आले. ते त्याला कळलं नाही. दोन दिवसांनी तो गेला.

"आतडं फुटलं होतं," इन्स्पेक्टरसाहेब सयाजीला म्हणाले. डॉक्टरांकडे ते मुद्दाम चौकशी करून आले होते. त्यांचाही चेहरा उतरला होता. "उताऱ्याने वाचणार नव्हता आणि हाकेने गेला नाही. मनाला लावून घेऊ नका."

साहेब म्हणाले ते खरंच होतं. सयाजीने मान हलवली. पण ज्या एका दिवशी पोराला आय हवी होती त्या दिवशी ती कुठे होती, आणि कोणामुळे, याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. ते त्याचं त्यालाच माहीत होतं.

त्यानंतर महाडात सयाजी मुकादमाची हाक ऐकू आली नाही. कोणी कचरा टाकताना दिसलं तर तो जवळ जाऊन खाकरायचा, नाहीतर काठी आपटायचा. मुकादमाची वाचा बसली, असं पेठेत थट्टेने म्हणत. घरीसुद्धा तो बनुबाईला लांबून बोलवेना. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहायचा. नियम मात्र कामाला आला. तिठा स्वच्छ राहू लागला. ज्यांना उतारे टाकायचेच होते ते नदीपल्याड जाऊ लागले. साहेबांची वाखाणणी झाली आणि मोठ्या गावी बदली झाली. चांगूची बायको तिठा झाडताना पुन्हा सरळ मनाने खराटा फिरवू लागली. यातलं एकही सयाजीला खोटं म्हणता येत नव्हतं, आणि एकाचाही आनंद होत नव्हता. रोज पहाटे साळूबाईच्या बंद दारासमोरून त्याला जावं लागे. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या, त्याच्या नावाने बोटं मोडली असती, तर बरं झालं असतं. ती पत्रावळी लावत बसायची आणि तो दिसला की पानाकडे बघायची.

वर्ष सरलं. पुढच्या भाद्रपदात, लग्न होऊन सासरी गेलेली ठमा बाळंतपणासाठी माहेरी आली आणि आठव्या महिन्यात तिला ताप भरला. तोच मुदतीचा ताप. डॉक्टर रोज येत होते, महागाचं नवं औषधही चालू होतं. ठमा वाचली, हे इथेच सांगून टाकतो. तिच्या जिवाचा घोर लावून कोणाला ताटकळत ठेवावं अशी ही गोष्ट नाही. पण त्या दिवसांत ती वाचेल असं कोणालाच वाटत नव्हतं. बनुबाईने पदर पसरला.

"उतारा टाकायला पायजे. तिठ्यावरच टाकायला पायजे. नदीपल्याडचा म्हसोबा वेगळा, त्याला आपलं घर ठावं नाय."

"मी मुकादम हाय गो," सयाजी म्हणाला.

"तुमी तिचं बा हाव."

रात्रभर तो भिंतीला टेकून बसला होता. आपण तेव्हा एका बाईला जे करू दिलं नाही, तेच आता आपल्या लेकीसाठी कोणत्या तोंडाने करायचं? पण आत ठमा कण्हली की हा विचार विरघळून जायचा. दुसऱ्या दिवशी सांजेला त्याने बिल्ला काढून फळीवर ठेवला. बनुबाईने लेकीवरून दहीभात ओवाळला. पत्रावळ हातात घेताना त्याला दिसलं की ती साळूबाईच्या हातचीच आहे. तिच्यासारखे बारीक टाके गावात दुसरं कोणी घालत नव्हतं.

बाईमाणूस पकडलं जाऊ नये म्हणून तो स्वतः निघाला. तिठ्यावर कोणी नव्हतं. त्याने उतारा म्हसोबासमोर ठेवला आणि वळताना त्याची नजर समोर गेली. साळूबाई आपल्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर पानांची चवड होती. तिने त्याला बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं, पत्रावळीकडे बघितलं. सगळं तिला कळलं.

त्याने पाठ फिरवली आणि चालू लागला. आता मागून हाक येणार होती. ठमाच्या बा, अशी एक हाक. तिला एवढंच करायचं होतं, तिला तो हक्क होता, आणि आपण वळणार हेही त्याला ठाऊक होतं. त्याचा सगळा जीव पाठीत येऊन बसला. आळी संपत नव्हती. प्रत्येक पावलाला त्याला वाटलं, आता. वळणापर्यंत वाटलं. वळण गेलं, घर आलं. हाक आली नाही. बनुबाईने पायांवर पाणी घातलं तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

पहाटे तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. चांगू येण्याआधी तिठ्यावर पोचायला हवं होतं. त्याने स्वतः तो उतारा उचलला तर पीडा परत त्याच्याच घरी, ठमाकडे येणार. न उचलावा तर चांगूच्या बायकोने उचलायचा; आणि तिला तर त्याने शब्द दिलेला. दोन्ही गोष्टी त्याच्याच्याने होण्यासारख्या नव्हत्या. काय करायचं हे न ठरवताच तो तिठ्यावर येऊन पोचला.

म्हसोबासमोर काही नव्हतं. जागा झाडून, शेण-पाण्याचा सडा घालून लख्ख केलेली होती. बाजूला दाराशी साळूबाई हातपाय धूत होती. तिची रिकामी पाटी भिंतीला उलटी लावून ठेवली होती, अजून निथळत होती.

"कुटं गेला?" सयाजीने विचारलं. वर्षभरात तिच्याशी तो पहिल्यांदा बोलत होता.

"मी उचलला. नदीत सोडून आले."

"तू कशाला उचललास गो? तो लागतो, म्हायती नाय काय तुला?"

तिने पदराला हात पुसले. बोलली ती अगदी साधं बोलली. त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती.

"चांगूच्या घरात पोरं हायत. तुज्या घरात ठमा हाय. माज्या घरात आता कोन हाय त्याला लागायला?"

एवढं बोलून ती आत जायला वळली. सयाजीला तिला थांबवायचं होतं. पायावर डोकं ठेवायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं, काहीतरी म्हणायचं होतं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. पण आता तिला काय म्हणून हाक मारायची, हेच त्याला सुचेना. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने चांगू आणि त्याची बायको खराटे घेऊन आली, तर मुकादम तिठ्यावर तसाच उभा होता.